कम्युनिकेटरची नक्कल, वाट न अडवता: एमपीआयमध्ये आयडप कसं वापरायचं

एमपीआय म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रोसेसनी एकमेकींना मेसेज पाठवण्याचं मानक. समजा, प्रोसेस ० ने "कुणाकडूनही येऊ दे, टॅग (मेसेजवरचा ओळख क्रमांक) कुठलाही असू दे" अशा अटीवर रिसीव्ह, म्हणजे मेसेज घेणारा कॉल, लावला आहे. तेवढ्यात तुम्ही जोडलेली सॉल्व्हर लायब्ररी स्वतःच्या आतल्या हिशेबासाठी प्रोसेस ० ला एक मेसेज पाठवते. दोघांचा कम्युनिकेटर (ठरावीक प्रोसेसनी आपसात बोलण्याची वाट) एकच, सगळ्या प्रोसेसचा एमपीआय_कॉम_वर्ल्ड. लायब्ररीचा मेसेज तुमच्या रिसीव्हमध्ये येऊन पडतो, तुमची आकडेमोड बिघडते आणि लायब्ररी कधीच न येणाऱ्या मेसेजची वाट पाहत बसते. १६ प्रोसेसवर चाचणी घेताना हे दिसत नाही. ५१२ वर दिसतं, आणि तेही रोज नाही.

"तुझे टॅग १०० पर्यंत, माझे त्यापुढे" अशी वाटणी करून हे सुटत नाही. एक तर 'कुठलाही टॅग' म्हणणारा रिसीव्ह ती वाटणी मानत नाही. दुसरं म्हणजे ब्रॉडकास्ट, ऑलरिड्यूस यांसारख्या कलेक्टिव्ह, म्हणजे कम्युनिकेटरमधल्या सगळ्या प्रोसेसनी मिळून बोलवायच्या, कॉलना टॅग नसतोच, ते फक्त कम्युनिकेटर आणि क्रम यांवरून जुळतात. म्हणून एमपीआयमधला जुना, पक्का नियम असा: प्रत्येक लायब्ररीने तिच्या हाती आलेल्या कम्युनिकेटरची स्वतःपुरती नक्कल काढावी आणि आपली सगळी देवाणघेवाण त्या नकलेवरच करावी.

ही नक्कल दोन प्रकारे काढता येते. एमपीआय_कॉम_डप काम पुरं होईपर्यंत परत येत नाही. एमपीआय_कॉम_आयडप काम सुरू करून लगेच परत येतं आणि पूर्ण झाल्याची खूण नंतर तपासायला एक रिक्वेस्ट देतं. पुढचं सगळं या दुसऱ्याविषयी आहे. फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रोग्रॅममध्ये ती रोमन अक्षरांत, अधोरेषांसह टाइप करायची.

नकलेत नेमकं काय येतं

कम्युनिकेटरचे मुख्य भाग दोन. एक ग्रुप, म्हणजे कोणत्या प्रोसेस आहेत आणि कुणाचा रँक (गटातला क्रमांक) किती. दुसरा कॉन्टेक्स्ट, म्हणजे आतला एक क्रमांक, जो प्रत्येक मेसेजवर शिक्क्यासारखा मारला जातो. नक्कल काढली की ग्रुप तोच राहतो, रँक तेच राहतात, कार्टेशियन किंवा ग्राफ टोपॉलॉजी (प्रोसेसची मांडणी) असेल तर तीही येते. बदलतो तो कॉन्टेक्स्ट. एका कॉन्टेक्स्टचा मेसेज दुसऱ्या कॉन्टेक्स्टच्या रिसीव्हला दिसतच नाही, मग टॅग एकसारखे असोत की रिसीव्ह 'कुठलाही' म्हणणारा असो.

आता हा नवा क्रमांक सगळ्या प्रोसेसवर चालायला हवा, म्हणजे तो आधीच कुणी वापरत असता कामा नये. हे ठरवायला प्रोसेसना आपसात बोलावं लागतं. एमपीआयसीएच या एमपीआय लायब्ररीत प्रत्येक प्रोसेसकडे रिकाम्या क्रमांकांची बिटांची यादी असते. सगळ्यांच्या याद्यांचा 'आणि' घेतला की जो बिट सगळीकडे १ उरतो तो क्रमांक सगळ्यांकडे मोकळा. ओपन एमपीआय या दुसऱ्या लायब्ररीची परंपरागत पद्धत वेगळी: प्रत्येक जण आपल्याकडचा सर्वांत लहान मोकळा क्रमांक सुचवतो, त्यांतला मोठा निवडला जातो, तो सगळ्यांकडे मोकळा आहे का ते पाहिलं जातं, आणि नसेल तर पुन्हा फेरी. पद्धत कुठलीही असो, नक्कल काढणं हे कलेक्टिव्ह काम आहे. एक प्रोसेस जरी आली नाही तरी ते पुरं होत नाही. खाली येणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

अडवणाऱ्या डपने नेमकं काय अडतं

पहिली अडचण साधी आहे. काही प्रोसेस इनपुट फाइल वाचण्यात गुंतल्या असतील, तर उरलेल्या डपमध्ये रिकाम्या उभ्या राहतात. एकदाच होणारं काम असेल तर हे खपून जातं.

दुसरी अडचण क्रमाची, आणि आयडपची खरी किंमत तिथे कळते. चार प्रोसेस गोलात आहेत असं धरा. शेजारच्या दोघांचा मिळून एक कम्युनिकेटर, असे चार कम्युनिकेटर: (०,१), (१,२), (२,३) आणि (३,०). प्रत्येक प्रोसेस दोन कम्युनिकेटरांत आहे, एक डावीकडचा आणि एक उजवीकडचा. आता सगळ्यांचा कोड एकच असल्यामुळे प्रत्येक जण आधी डाव्याची आणि मग उजव्याची नक्कल काढतो:

एमपीआय_कॉम_डप(डावा, &डावा_नक्कल);
एमपीआय_कॉम_डप(उजवा, &उजवा_नक्कल);

प्रोसेस ० चा डावा (३,०), म्हणून ती ३ ची वाट पाहते. पण ३ तिच्या डाव्यात, म्हणजे (२,३) मध्ये, २ ची वाट पाहते आहे. २ थांबली आहे १ साठी आणि १ थांबली आहे ० साठी. गोल पुरा झाला, प्रोग्रॅम लटकला. एकही ओळ वाचताना चुकीची वाटत नाही.

यावर सम रँकने आधी डावा, विषम रँकने आधी उजवा, असा तोडगा निघतो. पण तो तेव्हाच, जेव्हा दोन्ही कॉल तुमच्या डोळ्यांसमोर आहेत. एक कॉल एका लायब्ररीच्या पोटात आणि दुसरा दुसरीच्या पोटात असेल तर क्रम तुमच्या हातात नसतो. आयडपने हा प्रश्नच उरत नाही:

एमपीआय_रिक्वेस्ट विनंती[२];
एमपीआय_कॉम_आयडप(डावा, &डावा_नक्कल, &विनंती[०]);
एमपीआय_कॉम_आयडप(उजवा, &उजवा_नक्कल, &विनंती[१]);
एमपीआय_वेटऑल(२, विनंती, एमपीआय_स्टेटसेस_इग्नोअर);

दोन्ही कामं सुरू झाली, मगच थांबणं आलं. वेटऑलऐवजी पहिल्या आयडपनंतर लगेच वेट लिहिलात तर पुन्हा तोच गोल तयार होईल.

पायरी १: आवृत्ती तपासा

आयडप एमपीआय ३.० मध्ये आलं. ते मानक सप्टेंबर २०१२ मध्ये जाहीर झालं. आजच्या बहुतेक क्लस्टरवर याहून नवी आवृत्ती असते. तरी कंपाइल करताना "फंक्शन सापडत नाही" अशी तक्रार आली, तर आधी एमपीआय_गेट_व्हर्जन चालवून मानकाची आवृत्ती पाहा आणि ती ३.० किंवा पुढची असेल तर एमपीआय_गेट_लायब्ररी_व्हर्जन (तेही ३.० मध्येच आलं) चालवून कुठली लायब्ररी जोडली गेली ते पाहा. मॉड्यूल एका लायब्ररीचं लोड केलेलं आणि एमपीआयरन (प्रोग्रॅम सुरू करणारी आज्ञा) दुसरीचं, हा घोळ नवख्यांकडून हमखास होतो. त्याचं लक्षण ठरलेलं: चार प्रोसेस मागितल्या तरी प्रत्येक जण स्वतःला रँक ० आणि एकूण प्रोसेस १ असं सांगतो. अशा वेळी आयडपही 'यशस्वी' होतं, कारण एकटीला कुणाची वाट पाहायचीच नसते.

पायरी २: चल कुठे ठेवायचे ते आधी ठरवा

सीमध्ये आयडपला तीन गोष्टी लागतात: मूळ कम्युनिकेटर, नव्या हँडलचा (नवा कम्युनिकेटर ज्या चलातून वापरायचा त्याचा) पत्ता, रिक्वेस्टचा पत्ता. यांतला दुसरा पत्ता दगा देतो. कॉल परत आल्यानंतरही एमपीआय त्या जागेवर कधीही लिहू शकतं. म्हणजे काम पुरं होईपर्यंत ती जागा जिवंत राहायला हवी.

हे चुकतं असं: कुणी 'तयारी' नावाचं फंक्शन लिहितं, त्यात नवा हा स्थानिक चल असतो, आयडप बोलावलं जातं, आणि फंक्शन फक्त रिक्वेस्ट परत देतं. फंक्शन संपलं, स्टॅकवरची जागा दुसऱ्याच कुणाकडे गेली, आणि थोड्या वेळाने एमपीआयने तिथे हँडल लिहिलं. बिघाड दिसतो तो तिसऱ्याच ठिकाणी, एखाद्या लूपच्या मोजणीत किंवा पॉइंटरमध्ये.

सी++ वाल्यांसाठी याचीच फसवी आवृत्ती आहे. नव्या हँडलांचा व्हेक्टर केला, शेवटच्या घटकाचा पत्ता आयडपला दिला, मग आणखी एक घटक ढकलला. जागा कमी पडली म्हणून व्हेक्टरने सगळा साठा दुसरीकडे हलवला. जुना पत्ता आता मोकळ्या केलेल्या मेमरीचा. आधीच पुरती लांबी देऊन ठेवा, किंवा हँडल आणि रिक्वेस्ट यांची एक रचना हीपवर करा आणि दोघांना एकत्रच फिरवा. दुसरा मार्ग बरा, कारण दोघांची ताटातूट होत नाही.

फोर्ट्रानमध्ये नव्या, म्हणजे २००८ च्या पद्धतीच्या, मॉड्यूलमध्ये नवा कम्युनिकेटर असिंक्रोनस म्हणून घोषित असतो. तुमच्या चलालाही तो गुणधर्म द्या, विशेषतः वेट वेगळ्या सबरूटीनमध्ये असेल तर. नाहीतर कंपायलर जुनी किंमत रजिस्टरमध्ये धरून ठेवू शकतो. पायथनच्या एमपीआयफॉरपाय मध्ये आयडप मेथड नवा कम्युनिकेटर आणि रिक्वेस्ट अशी जोडी परत देते. दोन्हींना नाव देऊन ठेवा.

पायरी ३: सगळ्यांनी, त्याच क्रमाने बोलवा

एमपीआय_कॉम नवा = एमपीआय_कॉम_नल;
एमपीआय_रिक्वेस्ट विनंती;
एमपीआय_कॉम_आयडप(मूळ, &नवा, &विनंती);
जाळी_वाचा();
एमपीआय_वेट(&विनंती, एमपीआय_स्टेटस_इग्नोअर);

क्रमाचा नियम कम्युनिकेटरनिहाय आहे. एकाच कम्युनिकेटरवरचे सगळे कलेक्टिव्ह कॉल, अडवणारे आणि न अडवणारे मिळून, प्रत्येक प्रोसेसवर एकाच क्रमाने सुरू व्हायला हवेत. प्रोसेस ० ने आधी आयऑलरिड्यूस आणि मग आयडप केलं आणि प्रोसेस १ ने उलटं केलं, तर प्रोग्रॅम चुकीचा आहे, मग तो एखाद्या दिवशी चालून गेला तरी. वेगवेगळ्या कम्युनिकेटरांमध्ये मात्र हे बंधन नाही; गोलाचं उदाहरण त्यावरच तर सुटलं.

"रँक ० असेल तरच आयडप" असं लिहिणं ही तर उघड चूक. तितकी उघड नसलेली चूक म्हणजे काही प्रोसेसनी डप आणि काहींनी आयडप बोलावणं. दोन्ही एकाच कामाची रूपं असली तरी ती एकमेकांशी जुळत नाहीत. जुना कोड हळूहळू बदलताना, दोन शाखांपैकी एकच शाखा बदलली गेली की हे घडतं.

पायरी ४: मधल्या वेळात काय चालतं, काय चालत नाही

कॉल परत येणं आणि काम पुरं होणं, या दोन क्षणांमधला काळ म्हणजे आयडपचा खरा अभ्यासक्रम.

मूळ कम्युनिकेटर तुमचाच आहे. त्यावर सेंड, रिसीव्ह करा, ब्रॉडकास्ट करा, आणखी आयडप सुरू करा. क्रम पाळला की झालं. नवा कम्युनिकेटर मात्र अजून तुमचा नाही. तो कुठल्याही एमपीआय फंक्शनला देणं चूक आहे. सेंड तर नाहीच, पण रँक विचारणं, नाव देणं, तुलना करणं, फ्री करणं, काहीच नाही. 'नल आहे का' हे पाहून काम झालं की नाही ते ओळखू, असंही करू नका. काही लायब्ररी हँडलची किंमत आधीच लिहून टाकतात आणि कॉन्टेक्स्ट नंतर भरतात. हँडल बाहेरून खरं दिसतं, आतून अर्धवट असतं.

आता पुढे सरकण्याचा प्रश्न. न अडवणारा कॉल म्हणजे मागे कुणीतरी गुपचूप काम करत आहे, असं बहुतेकांना वाटतं. पुष्कळ ठिकाणी तसं नसतं. एमपीआय लायब्ररी साधारणपणे तेव्हाच पुढे सरकते, जेव्हा तुम्ही तिच्या एखाद्या फंक्शनमध्ये शिरता. आयडपनंतर पाच सेकंद निव्वळ गणित केलंत आणि मग वेट केलंत, तर सगळी बोलणी वेटमध्येच होण्याची शक्यता मोठी. मग आच्छादन, म्हणजे गणित आणि देवाणघेवाण एकाच वेळी होणं, कसलं?

उपाय म्हणजे गणिताच्या लूपमध्ये अधूनमधून एमपीआय_टेस्ट:

झालं = ०;
प्रत्येक तुकड्यासाठी {
  तुकडा_सोडवा();
  जर (!झालं) एमपीआय_टेस्ट(&विनंती, &झालं, एमपीआय_स्टेटस_इग्नोअर);
}
जर (!झालं) एमपीआय_वेट(&विनंती, एमपीआय_स्टेटस_इग्नोअर);

किती वेळा? अंदाज असा बांधा. दर फेरीत अंतर दुप्पट करत जाणाऱ्या ऑलरिड्यूसला १०२४ प्रोसेसवर १० फेऱ्या लागतात. प्रत्येक फेरीला एखादा धक्का लागू शकतो, म्हणून मध्ये एकदाच टेस्ट केलंत तर कदाचित एकच फेरी सरकेल. गणितात सारख्या अंतरावर वीस-तीस टेस्ट पेरल्या तर पुरे. दर पुनरावृत्तीला टेस्ट करणं मात्र उधळपट्टी. आतल्या, छोट्या लूपमध्ये तर मुळीच नको. एमपीआयसीएचमध्ये एमपीआयसीएच_असिंक_प्रोग्रेस हा पर्यावरण चल १ ठेवून मागे एक थ्रेड चालवता येतो. पण तो थ्रेड गाभ्याचा (प्रोसेसरच्या कोअरचा) वेळ खातो, आणि सगळे गाभे गणितात गुंतले असतील तर फायद्यापेक्षा तोटा जास्त. फक्त आयडपसाठी तो चालू करू नये असं आमचं मत.

पायरी ५: पूर्ण करा

वेट, टेस्ट, वेटऑल, वेटएनी, यांतलं कुठलंही चालतं, आणि आयडपची रिक्वेस्ट साध्या आयसेंड, आयरिसीव्हच्या रिक्वेस्टांच्याच यादीत ठेवता येते. ही सोय छान आहे: सुरुवातीची सगळी देवाणघेवाण आणि नक्कल एकाच वेटऑलमध्ये संपतात.

दोन गोष्टी इथे चालत नाहीत. पॉइंट-टू-पॉइंट कामाची रिक्वेस्ट रद्द करता येते, आयडपची एमपीआय_कॅन्सलने करता येत नाही. आणि एमपीआय_रिक्वेस्ट_फ्री करून "होईल ते होईल" म्हणून सोडूनही देता येत नाही. कलेक्टिव्ह रिक्वेस्टांसाठी दोन्ही चूक. एकदा सुरू केलं की पूर्ण करणं आलंच, एमपीआय_फायनलाइझच्या आधी.

चुकांचे कोडही दोन ठिकाणी बघा. मुळात एमपीआयची सवय चूक दिसताच सगळा प्रोग्रॅम बंद करण्याची आहे. मूळ कम्युनिकेटरवर एमपीआय_एरर्स_रिटर्न लावलं असेल, तर आयडपने यशाचा कोड दिला याचा अर्थ एवढाच की काम सुरू झालं. क्रमांक न मिळण्यासारखी चूक वेटमध्ये कळू शकते, म्हणून वेटचाही परतावा तपासा.

एक बारकावा. तुमच्याकडे काम पुरं झालं म्हणजे सगळ्यांकडे पुरं झालं असं नाही. तुम्ही नव्या कम्युनिकेटरवर लगेच मेसेज पाठवू शकता, ते योग्यच आहे. पण समोरच्याकडे आयडप अजून संपलं नसेल तर तो तिथे रिसीव्ह लावू शकत नाही. छोटा मेसेज बफरमध्ये पडून राहील. मोठ्या मेसेजचा अडवणारा सेंड मात्र समोरचा तयार होईपर्यंत थांबेल. "नक्कल तर झाली, मग पहिला सेंड इतका हळू का?" याचं उत्तर बहुधा हेच.

पायरी ६: खात्री करून घ्या

पूर्ण झाल्यावर एमपीआय_कॉम_कंपेअरला मूळ आणि नवा द्या. उत्तर एमपीआय_काँग्रुअंट यायला हवं: ग्रुप तोच, क्रम तोच, कॉन्टेक्स्ट वेगळा. एमपीआय_आयडेंट आलं तर तुम्ही चुकून मूळ हँडलच नव्या चलात टाकलं आहे. बरोबरच्या चिन्हाने हँडलची किंमत दिली की नक्कल होत नाही, त्याच वस्तूला दुसरं नाव मिळतं. मग एमपीआय_कॉम_सेट_नेमने नव्याला ओळखू येईल असं नाव द्या. डीबगरमध्ये दहा निनावी कम्युनिकेटर बघण्यापेक्षा 'सॉल्व्हर_नक्कल' बघणं सुखाचं.

मग एक छोटी चाचणी लिहा, २, ३ आणि ४ प्रोसेसवर चालवा. मूळ कम्युनिकेटरवर 'कुठलाही टॅग' म्हणणारा आयरिसीव्ह लावा, नव्यावर टॅग ५ चा मेसेज पाठवा आणि नव्यावरच घ्या. मूळचा रिसीव्ह अजून रिकामाच आहे हे टेस्टने पाहा. शेवटी मूळवर खरा मेसेज पाठवून तो पुरा करा, नाहीतर चाचणीच लटकेल.

गुणधर्म आणि सूचना

कम्युनिकेटरला चिकटवलेले गुणधर्म, म्हणजे कीव्हॅल नावाच्या किल्लीच्या मदतीने ठेवलेले, नकलेत जातात की नाही हे त्या गुणधर्माचं कॉपी फंक्शन ठरवतं. आयडपच्या बाबतीत हिशेब कॉलच्या क्षणाचा. आयडप बोलावल्यानंतर मूळवर गुणधर्म बदललात तर तो बदल नकलेत येत नाही, वेट अजून बाकी असला तरी.

लायब्ररी लिहिणाऱ्यांनी इथे जपून पाऊल टाकावं. आपली खासगी नक्कल वापरकर्त्याच्या कम्युनिकेटरवर गुणधर्म म्हणून ठेवणं ही चांगली आणि रुळलेली रीत आहे: पहिल्या वेळी नक्कल काढायची, पुढच्या वेळी एमपीआय_कॉम_गेट_अॅट्रने तीच उचलायची. पण कीव्हॅल बनवताना कॉपी फंक्शन म्हणून एमपीआय_कॉम_डप_एफएन दिलं, तर वापरकर्ता जेव्हा त्याच्या कम्युनिकेटरची नक्कल काढेल तेव्हा पॉइंटर तसाच पलीकडे जाईल. दोन वेगळ्या कम्युनिकेटरांवर एकच खासगी नक्कल. मेसेज पुन्हा मिसळतील, आणि मोकळं करताना तेच हँडल दोनदा फ्री होईल. एमपीआय_कॉम_नल_कॉपी_एफएन द्या, नव्या कम्युनिकेटरला लायब्ररी गरज पडेल तेव्हा नवी नक्कल काढेल.

इन्फो सूचनांच्या (कम्युनिकेटर कसा वापरणार याविषयी लायब्ररीला दिलेल्या संकेतांच्या) बाबतीत आवृत्तीनुसार फरक पडतो. एमपीआय ३ मध्ये त्या नकलेत जात. २०२१ साली आलेल्या ४.० पासून डप आणि आयडप त्या पुढे नेत नाहीत. कारण समजण्यासारखं आहे: ४.० मध्ये 'मी या कम्युनिकेटरवर एनी_टॅग वापरणार नाही' असं वचन सूचनेतून देता येतं. ते वचन वापरकर्त्याने दिलं, आणि लायब्ररीने तिच्या नकलेवर नकळत मोडलं, तर काय करायचं? सूचना हव्या असतील तर त्याच आवृत्तीत आलेलं एमपीआय_कॉम_आयडप_विथ_इन्फो वापरा. त्याचं अडवणारं भावंडं, एमपीआय_कॉम_डप_विथ_इन्फो, ३.० पासूनच आहे.

थ्रेड वापरत असाल तर

एमपीआय_थ्रेड_मल्टिपल (अनेक थ्रेडना एकाच वेळी एमपीआय बोलवू देणारी पातळी) मागितलं म्हणजे सगळं माफ झालं असं नव्हे. दोन थ्रेडनी एकाच कम्युनिकेटरवर एकाच वेळी आयडप बोलावलं, तर एका प्रोसेसवर थ्रेड 'अ' आधी पोचेल, दुसरीवर 'ब'. क्रम जुळला नाही. प्रत्येक थ्रेडला वेगळा कम्युनिकेटर हवा असेल, तर मुख्य थ्रेडने लूप लावून सगळ्या नकला काढाव्यात, वेटऑल करावं आणि मगच थ्रेड सोडावेत. एकाच वेळी आठ आयडप सुरू केल्याने आठपट वेग येईल असं धरू नका. क्रमांक वाटपाचं काम लायब्ररी आतून एकेक करून उरकू शकते.

कुठे वापरू नये

दर पुनरावृत्तीला नक्कल काढून टाकून देणारा कोड दिसला, तर आयडप लावून तो वेगवान करण्याआधी नक्कल लूपबाहेर काढा. एकदा काढलेली नक्कल शेवटपर्यंत पुरते. छोट्या, एकाच लायब्ररीच्या प्रोग्रॅममध्ये साधं डपच बरं: एक ओळ, एकही रिक्वेस्ट नाही, चुकायला जागा कमी. आयडपला अर्थ आहे तो कम्युनिकेटर एकमेकांवर चढलेले असतील तेव्हा, प्रोसेस वेगवेगळ्या वेळी पोचत असतील तेव्हा, किंवा सुरुवातीलाच तीन-चार लायब्ररी आपापली नक्कल मागत असतील तेव्हा.

शंका असेल तर मोजा. आधी एमपीआय_बॅरियर, मग एमपीआय_डब्ल्यूटाइमने तीन वेगवेगळे वेळ मोजा: आयडप कॉलला लागलेला, मधल्या कामाला लागलेला, आणि वेटला लागलेला. मग मधलं काम काढून टाकून पुन्हा मोजा. वेटचा वेळ दोन्हीकडे सारखाच आला तर आच्छादन होत नाही, टेस्ट वाढवा. आणि हो, सगळ्या प्रोसेसमधला मोठा आकडा बघा, सरासरी नव्हे.

आणखी एक मर्यादा. ग्रुप तोडून नवे कम्युनिकेटर करणाऱ्या एमपीआय_कॉम_स्प्लिटला मानकात न अडवणारं रूप नाही. काही प्रोसेसचाच कम्युनिकेटर हवा असेल तर एमपीआय_कॉम_क्रिएट_ग्रुप आहे. ते फक्त त्या ग्रुपमधल्या प्रोसेसनीच बोलवायचं असतं, पण अडवतं.

पायरी ७: मोकळं करा

कॉन्टेक्स्ट क्रमांक अमर्याद नसतात. एमपीआयसीएचमध्ये मूळ मर्यादा २०४८ ची आहे. प्रत्येक टाइमस्टेपला एक नक्कल काढून ती फ्री करायला विसरलात, तर प्रोग्रॅम दोन हजारांच्या आसपास 'कम्युनिकेटर फार झाले' अशा अर्थाची चूक देऊन मरतो आणि '२०४८ पैकी ० मोकळे' असंही सांगतो. काही वेळा मोकळे क्रमांक असतात, पण प्रत्येक प्रोसेसवर वेगळे. सगळ्यांना सामाईक असा एकही नाही. मग चूक क्रमांकांचे तुकडे पडल्याची (फ्रॅगमेंटेशनची) येते. हे होतं ते वेगवेगळ्या प्रोसेस वेगवेगळ्या उपकम्युनिकेटरांत बेहिशेब क्रमांक खर्च करतात तेव्हा.

एमपीआय_कॉम_फ्री हाही कलेक्टिव्ह कॉल आहे, सगळ्यांनी बोलवायचा. नव्यावरची चालू असलेली कामं तो तोडत नाही, ती रीतसर पूर्ण होतात आणि मगच वस्तू खरी मोकळी होते. तरी आयडप अर्धवट असताना मूळ कम्युनिकेटर फ्री करण्याची सवय लावू नका. नंतर कोड वाचणाऱ्याला ते पटवणं अवघड जातं. पायथनमध्ये चल नाहीसा झाला म्हणजे कम्युनिकेटर मोकळा झाला असं होत नाही, फ्री मेथड स्वतः बोलवावी लागते. आणि लायब्ररीने गुणधर्मात ठेवलेल्या नकलेसाठी कीव्हॅलच्या डिलीट फंक्शनमध्ये फ्री ठेवा, म्हणजे वापरकर्त्याने आपला कम्युनिकेटर मोकळा केला की तुमची नक्कलही त्याच्याबरोबर जाईल.